ताटाच्या कडेचं कारलं

वाइपाहू, हवाई
२० जानेवारी २०१४

प्रिय निनाय,

लॉरोला जाऊन वर्ष झालं, तू विधवेचे काळे कपडे उतरवलेस, फादर येऊन गेले, सगळ्या वस्तीला जेवू घातलंस, हे सगळं मला रोमेलकडून कळलं. सख्ख्या बहिणीकडून कळलं असतं तर जिवाला बरं वाटलं असतं. फोन तू घेत नाहीस. फोन ठेवला की घर आधीपेक्षा रिकामं वाटतं, असं म्हणतेस. बरं बाई, मान्य. मग निदान लिहीत तरी जा.

आता मुद्द्याचं बोलते. मी तुझी मानांग आहे, तुझ्या वेण्या मी घातल्यात, तेव्हा थोरलीचं ऐकायचं. त्या घरात एकटी राहू नकोस, एक कुत्रं पाळ. आणि गावठी नव्हे हं! पासुकिनची कुत्री मी विसरलेली नाही. कोंबडी पिसांसकट गिळतात आणि वर आपल्याकडेच बघून भुंकतात. पाळायचं तर चांगल्या जातीचं. माझ्या डचेसची एक सख्खी बहीण आहे, तशीच पांढरीशुभ्र पॉमेरेनियन. तिची मालकीण माझ्या ओळखीची. ती आता जिथे राहायला जाणार आहे तिथे कुत्रं चालत नाही. कुत्रीचं वय झालंय, पण वागणं नमुनेदार. स्वतःच्या वाडग्याशिवाय कुठे तोंड लावत नाही. आणि आपण रडायला लागलो की मांडीवर येऊन बसते, बस, काही विचारत नाही.

आपला रोमेल एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आधी होली वीकला गावी येतोय. विमानतळावर कामाला असणारा भाचा काय कामाचा, जर तो मावशी-आत्यांची ओझी वाहत नसेल? तो तिला बरोबर आणेल. फक्त हो म्हण.

तुझी मानांग,
सियोन

•

पासुकिन, इलोकोस नोर्ते
१२ फेब्रुवारी

प्रिय मानांग,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा शेजारच्या पासिंगने वाचलं, मी न देताच. तेव्हा यापुढे तिच्याबद्दल काही वाईटसाईट लिहायचं असेल तर जपून.

कुत्रं नको. रागावू नकोस, कारण सांगते, आणि हसायचंही नाही. मी रोज संध्याकाळी मागच्या पडवीत लॉरोसाठी अतांगचं, गेलेल्या माणसाचं पान ठेवते. वर्ष झाल्यावर कोणी रोज ठेवत नाही, मला माहीत आहे. फादर म्हणाले, नोव्हेंबरात ऑल सोल्सला, मृतांच्या दिवशी ठेव, पुरे. पण मानांग, सकाळी ताट रिकामं असतं. पहिल्यांदा वाटलं मांजर असेल. पण आमच्याकडची मांजरं मासा उचलतात आणि भाताकडे बघतही नाहीत. इथे भात जातो, मासा जातो, वांगी-भेंडी जातात, आणि कारलं तेवढं उरतं. लॉरो कारलं खात नव्हता, ठाऊक आहे ना तुला? इतकी वर्षं पिनाकबेटची मिसळभाजी खाल्ली या माणसाने, आणि दर वेळी कारल्याच्या फोडी वेचून ताटाच्या कडेला ओळीने लावायचा. मी म्हणायचे, औषध आहे ते. तो म्हणायचा, मग आजारी पडल्यावर दे. पडला तेव्हा काही खाण्यासारखा राहिलाच नाही.

तर तो येतो. दिसत नाही, बोलत नाही, पण येऊन जेवून जातो. जिवंतपणी तरी कुठे फार बोलायचा?

आता सांग, घरात कुत्रं आणलं तर? कुत्र्यांना आत्मे दिसतात. तुझी ती पांढरी बया त्याला बघून रडायला लागली तर तो अंगणातूनच परत फिरेल. भिडस्त माणूस तो. तेव्हा नको. तुझ्या ओळखीच्या बाईला म्हणावं, दुसरं घर बघ.

लसणाच्या माळा बांधून झाल्या. यंदा पाकळी बारीक आहे.

निनाय

•

वाइपाहू
३ मार्च

प्रिय निनाय,

हसले नाही. जरा हसले. कारलं तर मीही खात नाही, म्हणून मी काय भूत झाले का गं?

तू कधी बघितलंस त्याला? आडोशाला बसून, डोळ्यांनी? बघू नको म्हणत नाही मी. बघच म्हणते. आणि ताट चाटून ठेवलेलं असतं की नुसतंच रिकामं, तेवढं मला कळव.

दुसरं. त्या कुत्रीचं लवकर ठरवायला हवंय. रोमेलला तिची इंजेक्शनं, कागद, पिंजरा हे सगळं करायला वेळ लागेल. ती फार लहानखुरी आहे, निनाय. जागा लागत नाही. तुझ्या उशीच्या कोपऱ्यावर मावेल. लॉरोला घाबरवणार नाही, मी हमी देते. परक्या माणसालाही शेपूट हलवते ती, आत्म्याला का नाही हलवणार? सगळ्या चांगल्या सवयी आहेत तिला. मी कशाला उगाच सांगेन?

यापुढे पाकिटावर लिहिलेल्या नव्या पत्त्यावर पत्र पाठव. घराचं थोडं काम काढलंय.

सियोन

•

पासुकिन
२४ मार्च

मानांग,

घराचं काम काढलंय की लेकाने नवीन मोठं घर घेतलंय, खरं सांग! पत्ता पार दुसऱ्याच रस्त्यावरचा. पासिंग म्हणते, हवाईला गेलेल्या लोकांना घराची सुद्धा लाज वाटते, फार मोठं झालं की सांगत नाहीत. सुनेच्या हातचं खा आणि मजा कर. तुझं बरं आहे बाई, मांडीवर डचेस, समोर टीव्ही, बाजूला नातवंडं.

ताट चाटूनपुसून असतं. लॉरो बोटाने ताट पुसायचा. त्याच्या आईने लावलेली सवय.

आणि मी बघायला बसणार नाही. बघितलं आणि तो नसला तर मी काय करू? हे तू विचारायला हवं होतंस.

कुत्रं नको म्हणजे नको. कुठल्याच जातीचं नको. परत लिहू नकोस त्याबद्दल. तुझी ओळखीची बाई माझी कोण लागते? तिचं ओझं माझ्या गळ्यात का बांधतेस? तिला मुलंबाळं असतील, ती बघतील.

निनाय

•

वाइपाहू
५ मे

निनाय,

ठीक आहे. त्या कुत्रीची सोय झाली. काळजी नसावी.

सियोन

•

पासुकिन
९ ऑगस्ट

प्रिय मानांग,

तू तीन महिने लिहिलं नाहीस. मीही लिहिलं नाही. मी रुसले होते, तुझं काय होतं माहीत नाही. आज लिहितेय कारण दुसरं कोणी नाही. पासिंगला सांगितलं तर बाजारभर होईल.

वादळाचा इशारा होता. उजाडता उजाडता मी मागचे पत्रे बांधायला पडवीत गेले. आणि तिथे तो होता. गावठी कुत्रा. तपकिरी, एक पाय पांढरा, एक कान अर्धाच, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. लॉरोच्या ताटात तोंड. मी उभीच राहिले. त्याने भात खाल्ला, मासा खाल्ला, काट्यांसकट. मग कारल्याची फोड दातात धरली आणि ताटाच्या कडेला नेऊन ठेवली. दुसरी धरली, तीही ठेवली.

मानांग, मी कुंचा उचलला आणि त्याला मारलं. किती मारलं ते सांगत नाही. ओरडत होते, चोर, चोर, चोर. तो पळाला पण नाही. अंगणात जाऊन बसला, माझं संपायची वाट बघत. मी वस्तीच्या रखवालदाराला, बेर्तोला हाक मारली आणि सांगितलं, याला घेऊन जा. त्याने दोरी घातली आणि लाओआगजवळ जिथे सोडलेली कुत्री ठेवतात त्या निवाऱ्यात नेऊन दिलं.

त्या दिवसापासून ताट भरलेलं राहतं. तरी मी ठेवते. सकाळी भात कोरडा, माशावर मुंग्या, आणि कारलं भाजीत जिथल्या तिथे. ते ताट धुताना मला जे होतं, ते लॉरोला पुरताना पण झालं नव्हतं. तेव्हा माणसं होती घरात.

हस आता. तुझंच खरं झालं.

निनाय

•

वाइपाहू
३० ऑगस्ट

माझ्या निनाय,

हसले नाही. देवाशपथ. तुझं पत्र वाचून मी खोलीचं दार लावून घेतलं. इथे दार लावलेलं चालत नाही, पण लावलं.

लॉरो येत नव्हता असं तुला कोणी सांगितलं? तो येत असेल आणि लाजून त्या कुत्र्याला पुढे करत असेल. त्याचा काही नेम नव्हता. लग्नाची मागणी घालायलासुद्धा भावाला पाठवलं होतं त्याने.

आता मी सांगते ते कर. त्या निवाऱ्यात जा. त्या चोरट्यासाठी नाही. तिथे नीट बघ, एखादं चांगल्या जातीचं असेल. असतंच. लोक जातिवंत कुत्रीही सोडून देतात, निनाय, हे मला माहीत आहे. वर्षानुवर्षं उशीवर निजवतात आणि एके दिवशी गाडीत घालून नेऊन देतात. तिला कळतही नाही काय झालं. ती प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठून उभी राहते. गावठ्याला रस्ता ठाऊक असतो, तो कुठेही पोट भरेल. तिला काहीच येत नाही. तिला वाडगा समोर ठेवावा लागतो. अशी कोणी दिसली तर तिला घरी ने. पांढरी असली तर मुद्दाम ने. माझ्यासाठी एवढं कर. मी तुझ्याकडे पुन्हा काही मागणार नाही.

तुझी मानांग

•

पासुकिन
२१ सप्टेंबर

प्रिय मानांग,

गेले होते. तुला राग येणार आहे, तेव्हा आधी बसून घे.

जीपनीत माझ्या मांडीवर डबा होता. भात आणि पिनाकबेट. का नेला, मला विचारू नकोस. निवाऱ्यात जाताना कोणी डबा नेतं का? मी नेला.

पांढरी होती. खरंच होती, तू म्हणालीस तशीच. पॉमेरेनियन नव्हे, शिह त्झू. डोळ्यांवर केस, गळ्यात अजून घुंगरू. निवारा सांभाळणाऱ्या बाईने मला बघताच तिला उचलून आणलं. मला आई म्हणून हाक मारत म्हणाली, "नानांग, ही घ्या. आजच आलीय, उद्यापर्यंत राहायची नाही. खूप जणांनी विचारलंय. पण तुमच्यासारखीकडे गेली तर मला आवडेल."

मी घेतली मांडीवर. ऊबदार होती. तुझी आठवण झाली, आणि मी हो म्हणायच्या बेतात होते.

मग मी विचारलं, पासुकिनहून एक तपकिरी आला होता, त्याचं काय झालं? बाई म्हणाली, "तो अर्ध्या कानाचा? आहे की. पण त्याला कशाला बघता? कोणाकडे जात नाही. नुसता कोपऱ्यात पडलेला असतो. संध्याकाळ झाली की तेवढा उठून दाराशी बसतो, त्याचं काय कळत नाही."

मला कळलं, मानांग. संध्याकाळी मी पान वाढते.

पांढरीला खाली ठेवलं आणि मागे गेले. मला बघून त्याने शेपूट हलवलं नाही. कशाला हलवेल? मी कुंच्याने मारलेलं त्याला. मी डबा उघडून जाळीच्या आत सरकवला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग उठला आणि खाल्लं. भात, वांगी, भेंडी. कारलं काढून डब्याबाहेर ठेवलं, ओळीने. मी तिथेच खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले. ती बाई घाबरली, म्हणाली, "नानांग, चावला का?"

पांढरीसाठी तीन घरं रांगेत होती. त्याच्यासाठी मीच होते. म्हणून त्याला आणलं. येताना जीपनीवाल्याने कुत्र्याचंही भाडं घेतलं, आणि वर म्हणाला, "असल्या कुत्र्याला भाडं भरून कोण फिरवतं?"

नाव ठेवलंय पाहुणा. आधी पडवीत निजायचा, आता दाराच्या आत निजतो. मी बोलते, तो ऐकतो. लॉरोपेक्षा जरा जास्तच ऐकतो.

आता तू रागावून घे आणि मग मला दोन गोष्टी सांग. त्या पांढरीसाठी तू इतकी का तळमळलीस? आणि दार लावलेलं कुठे चालत नाही गं? स्वतःच्या लेकाच्या घरात?

निनाय

•

वाइपाहू
१० ऑक्टोबर

प्रिय निनाय,

रागावले नाही. सांगते.

माझा व्हर्जिलियो आणि सून लास व्हेगासला गेले. इकडचे पुष्कळ जातात, तिकडे घरं स्वस्त. मला म्हणाले, चल. पण त्या घरात माझ्यासाठी खोली कुठली ते कोणी दाखवेना. मीच म्हटलं, मी इथेच बरी. ते 'बरं' म्हणाले. फार पटकन म्हणाले. मग मला इथे आणून ठेवलं. आपल्या इलोकोसातल्या बाताकच्या एका बाईचं घर आहे, ती आमच्यासारख्या म्हातारीकोतारींना सांभाळते. आम्ही चौघं आहोत. भात मऊ करते, वेळेवर गोळ्या देते, वाईट वागत नाही. दार लावू देत नाही, कोणी आत पडलं तर कळायला हवं म्हणून. आणि कुत्रं चालत नाही.

डचेसला बहीण नव्हती, निनाय. ओळखीची बाई मीच.

तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा ती माझ्या पायाशी होती. बाताकच्या बाईने तेवढ्यापुरती सूट दिली होती, तुझं उत्तर येईपर्यंत. मी ते पत्र मोठ्याने वाचलं, सवयीने. सुनेने विमानाच्या आधी तिला निवाऱ्यात नेलं. मला गाडीत बसू दिलं नाही, म्हणाली तुम्हाला त्रास होईल. मी खिडकीतून बघितलं. ती काचेला तोंड लावून मागे बघत होती.

लगेच घर मिळालं म्हणे तिला. चांगल्या जातीचं कुत्रं इथेही राहत नाही. फोन करून विचारलं तर तेवढंच सांगितलं, कुठलं घर ते सांगत नाहीत. मे महिनाभर मला तुझा राग होता. मनात म्हणायचे, एका रिकाम्या ताटासाठी माझी डचेस गेली. तू काही वाईट केलं नाहीस. मी खरं लिहिलं असतं तर तू पाठव म्हणाली असतीस, पडवीत लॉरो असता तरी. पण खरं लिहायला जीभ धजेना. सगळ्या पासुकिनला ठाऊक होतं, सियोनचं हवाईत कसं छान चाललंय.

मी इतकी वर्षं तुला जातीचं, जातीचं म्हणत राहिले. माझ्या घरची सगळी माणसंही चांगलीच होती की गं. कोणी वाईट नाही.

संध्याकाळी इथे लवकर जेवायला देतात. उजेड असतो तेव्हाच. जेवण झाल्यावर माझा हात पायाशी जातो. अजून जातो.

पाहुण्याला माझा नमस्कार सांग. तू बरोबर निवडलंस.

सियोन

•

पासुकिन
२ नोव्हेंबर

मानांग,

काल आणि आज स्मशानात होते. लॉरोची कबर धुतली, चुना लावला, मेणबत्त्या लावल्या. पाहुणा बरोबर होता. रडला नाही, कोणालाही बघून. पासिंग म्हणाली, "याला आत्मे दिसत नाहीत वाटतं." मी म्हटलं, दिसत असतील, ओळखीचे असतील.

घरी येऊन पान ठेवलं. नारळाचा चिकट भात, उकडलेलं अंडं, उसाची थोडी दारू, आपली बासी, आणि पिनाकबेट. लॉरोचं लॉरोला. पाहुणा बाजूला बसून राहिला. मी 'आता घे' म्हटल्यावरच त्याने तोंड लावलं. दोघांमध्ये काय ठरलंय मला माहीत नाही, आणि आता मी आडून बघतही नाही.

मग मी आणखी एक ताट काढलं. हात पडवीकडे वळला आणि मी तिथेच थांबले. अतांगचं पान चालत येऊ न शकणाऱ्यांसाठी असतं. तुझे पाय शाबूत आहेत. तेव्हा ते ताट आत टेबलावर ठेवलंय, पालथं घालून. कोणी त्याला हात लावायचा नाही, पासिंगला पण ताकीद दिलीय.

रोमेल ख्रिसमसला येतोय. होली वीकला तो डचेसला आणणार होता. आता तुला आणेल. तुला पिंजरा लागत नाही, इंजेक्शनं लागत नाहीत, फक्त त्याला तुझी बडबड सहन करावी लागेल, तिची त्याला सवय आहे. गावात काय सांगायचं याची काळजी करू नकोस. मी सगळ्यांना सांगितलंय की मला एकटीला करमत नाही म्हणून मी तुला बोलावून घेतेय. खोटं नाही त्यात काही.

डचेसचं मी काय बोलू? तू लिहिलंयस की मी काही वाईट केलं नाही. तरी मी 'तिला मुलंबाळं असतील, ती बघतील' असं लिहिलं होतं. ते तू मोठ्याने वाचलंस. मला ते रोज ऐकू येतं.

ये गं. दार लावून घे, उघडं टाक, तुझी मर्जी. तू पडलीस तर पाहुणा सांगेल. संध्याकाळी उशिरा जेवू, अंधार पडल्यावर. मी पिनाकबेट करीन, कारलं घालून. तू वेचून कडेला ठेवशील, मला ठाऊक आहे. सकाळी घासायला दोन ताटं असतील आणि दोन्हींत कारलं उरलेलं असेल. मला तेवढंच हवंय, मानांग.

एकदा मी तुला नाही म्हटलं. तू मला म्हणू नकोस.

निनाय

•

वाइपाहू
२४ नोव्हेंबर

निनाय,

रोमेलने तिकीट काढलं. खिडकीची जागा मागितलीय.

बाताकच्या बाईने निरोपाला गोड केलं, आणि म्हणाली, इथून सहसा कोणी परत जात नाही. मी म्हटलं, माझं ताट पालथं पडलंय तिकडे.

कारलं घालू नकोस.

सियोन